अठरा मीटर

हरकती दाखल करायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता, आणि शुक्रवारचे साडेदहा वाजले तरी मोतीराम तात्यांनी पायांत चपला घातल्या नव्हत्या.

पडवीत फरशीवर नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांच्या नातीनं, तेजस्विनीनं, त्याच्या एका टोकावर आजोबांचा अडकित्ता ठेवला होता, दुसऱ्यावर बापाच्या दुकानातला टाईलचा नमुना, आणि उरलेली बाजू स्वतःच्या गुडघ्यांखाली दाबून धरली होती. कॉलेज रोडवरच्या आर्किटेक्टकडं नोकरीला लागून तिला दोन वर्षं झाली होती. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा हा कागद तिनं तिथूनच मोठा छापून आणला होता.

“ही लाल रेघ म्हणजे अठरा मीटरचा रस्ता,” ती म्हणाली. “कालव्याकडून येतो, आपल्या विहिरीला वळसा घालतो, आणि...”

“आणि माझ्या पडवीतून जातो. तिसऱ्यांदा सांगून राह्यली तू.”

“पडवीतून नाही तात्या. माजघरापर्यंत जातो.”

तात्या नकाशाकडं बघतच नव्हते. ते समोर बघत होते. एकेकाळी ह्या पडवीत बसलं की शेवंतीच्या वाफ्यांपलीकडं थेट रामशेजचा डोंगर दिसे. पाऊस कुठवर आला ते डोंगरावरून कळे, आणि तात्यांचे वडील त्यावरून उद्या फुलं तोडायची की नाही ते ठरवत. आता मखमलाबादच्या त्या अंगाला बारा मजले उभे होते, आणि डोंगराच्या जागी कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. सिंहस्थ तोंडावर आलेला. शहराला जिकडंतिकडं रस्ते हवे होते, आणि शहर आता थेट्यांच्या बांधावर येऊन उभं राहिलं होतं.

“पण हा रस्ता असा वाकडा का काढला असेल?” तेजस्विनी म्हणाली. “आमच्या सरांना पण नवल वाटलं. कालव्यापासून सरळ येऊन एकदम आपल्या शेतात शिरतो, विहिरीला वेढा देतो, मग परत बाहेर. असं वळण कुठला इंजिनिअर काढेल?”

कुठलाच इंजिनिअर काढणार नाही, ही गोष्ट खरी. ते वळण मोतीराम थेट्यांनी काढलं होतं, एकोणनव्वद सालच्या दसऱ्याला, डोक्यात राख घालून, बैलांच्या पायांनी.

त्याआधी वाट सरळ होती. तात्यांचं शेत पश्चिमेला, धाकट्या भावाचं, गोरक्षचं, पूर्वेला. मधे बांध आणि बांधालगत आठ फुटांची गाडीवाट, चार फूट ह्याच्या रानातली, चार त्याच्या. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दोन्ही भावांच्या गाड्या झेंडू भरून निघाल्या. गोरक्षची पुढं होती. तिचा आस मोडला आणि ती वाटेतच बसली. ना पुढं सरके, ना मागं. मोतीरामचा झेंडू फुलबाजारात पोचेपर्यंत दुपार झाली, आणि दसऱ्याच्या आदल्या दुपारी झेंडूला कोण विचारतं? गोरक्षनं गाडी मुद्दाम आडवी घातली, असं कुणीतरी मोतीरामच्या कानात भरवलं. ते त्यांना पटलं, कारण त्या दिवशी त्यांना काहीतरी पटायला हवंच होतं. ‘ह्याच्या गाडीमागं माझी गाडी पुन्हा थांबायची नाय,’ म्हणून त्यांनी स्वतःच्याच रानातून विहिरीला वळसा घालून नवी वाट पाडली. जुनी वाट नांगरून टाकली. मग छत्तीस वर्षं दूधवाले, फुलांचे व्यापारी, शाळेची पोरं, सगळे त्या नव्या वाटेनंच गेले. आराखडा करणाऱ्यांनी आकाशातून काढलेला फोटो बघितला. त्यात वाट दिसली. त्यांनी तीच रुंद केली.

“एक मार्ग आहे,” तेजस्विनी म्हणाली. “जुनी वाट बांधावरून सरळ होती असं दोन्ही घरांनी लिहून दिलं, आणि रस्ता तिथून न्यायची संमती दिली, तर सुनावणीत त्याचा विचार होतो. बांधाच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस फूट जातील. पण घर वाचेल.”

“दोन्ही घरांनी,” तात्या म्हणाले.

“सातबारा एकच आहे ना. सही दोघांची लागणार. गोरक्षआजोबांच्या माघारी लंकाआजीची, आणि तुमची.”

तात्यांनी अडकित्ता उचलला, तसा नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला.

तिचा बाप महेश दाराला टेकून ऐकत होता. सिमेंट-सळईचं दुकान त्यानं नोकरावर सोडलं होतं. ह्या वाढत्या गावातल्या शेपाचशे घरांना त्यानं माल पुरवला होता आणि त्याबद्दल त्याला वाईट कधी वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटत होतं. पोरगी बोलली त्यातला एक शब्द त्याला टोचत होता. बांध. कुठला बांध?

वाटणी तोंडी झाली होती. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं होती, पण कुणाचं कुठवर, ते कागदावर कधी चढलंच नाही. गोडी होती तेव्हा मोजणी आणायची म्हणजे भावावर भरवसा नाही असं दिसलं असतं, म्हणून आणली नाही. बिनसल्यावर आणायची तर आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं. तेव्हा बांध हाच कागद. आणि तो कागद दरसाल कसा बदलत गेला ते महेशनं लहानपणी नांगरामागं चालताना पाहिलं होतं. गोरक्षकाकाची निम्मी वाट पहिल्याच साली नांगरात गेली. पुढं दर नांगरटीला दोन बोटं, कधी तीन. ट्रॅक्टर आला तरी बांधाकडची शेवटची पाळी तात्या स्वतः बैलांनी घालत. महेशनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आज तर त्याला ते मुळीच आठवायचं नव्हतं.

“चला तात्या,” तो म्हणाला. “पाचला ऑफिस बंद होतंय.”

तात्या उठले. बराच वेळ त्यांना चपला सापडेनात. त्या समोरच होत्या.

लंकाबाई अंगणात शेवंतीची फुलं क्रेटात भरत होती. तिघंजण बांध ओलांडताना दिसले तेव्हा तिनं आधी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मग नीट बघितलं. भाया, म्हणजे थोरले दीर, येत होते. ह्या अंगणात त्यांचं पाऊल छत्तीस वर्षांत पडलं नव्हतं. सहा वर्षांमागं गोरक्ष गेला तेव्हासुद्धा तिरडी रस्त्यावर आल्यावरच त्यांनी खांदा दिला होता. तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते बांधावर अडखळले तेव्हा तिच्या मनात आलं ते एवढंच, की किती वाळले हे.

“हर्षल, खाट टाक,” ती मुलाला म्हणाली.

हर्षलनं ओझरच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. नकाशा त्यानंही मोबाइलवर बघितला होता, आणि हे लोक येणार याचा अंदाज त्याला होता. त्यानं खाट टाकली. या मात्र म्हटलं नाही.

लंकाबाई भायाशी कधी थेट बोलली नव्हती. सून म्हणून आली तेव्हापासून मधे कुणीतरी लागे. नवरा, सासू, एखादं पोर. एकदा घरात कुणीच नव्हतं तेव्हा तिनं दावणीच्या म्हशीला मोठ्यानं सांगितलं होतं की भाकरी वाढली आहे. मोतीराम निमूट येऊन जेवले होते. ह्या गोष्टीवर दोघं भाऊ कितीतरी दिवस हसत होते.

“तेजू, तात्यांना म्हणावं, बसा.”

“बसाया नाय आलो,” तात्या म्हणाले, आणि बसले.

तेजस्विनीनं सगळं समजावलं. ते संपल्यावर हर्षल बोलला.

“म्हणजे आमची तीस फूट जागा द्यायची आणि तुमचं घर वाचवायचं. बरं आहे.”

“तुला रस्ता मिळतोय ना,” महेश म्हणाला. “आज तुझ्या जागेला रस्ताच नाही. बंगल्याची परवानगी कशी काढशील? अठरा मीटरचा रस्ता तुझ्या दारात येतोय.”

“दारात?” हर्षलनं बांधाकडं हात केला. “महेशदादा, बांधापासून आमची भिंत किती लांब आहे, ते मोजलं का कुणी?”

मोजलं नव्हतं. तेजस्विनीनं पिशवीतून टेप काढला आणि महेशच्या हातात टोक दिलं. तिचा चेहरा उतरला ते सगळ्यांना दिसलं.

“चोवीस फूट,” ती म्हणाली. “सहा फूट आत येतं. स्वयंपाकघर जाईल.”

स्वयंपाकघराची ती भिंत लंकाबाईनं आणि गोरक्षनं दोघांनीच बांधली होती. भिंत चढली तेव्हा एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं हंड्यानं पाणी आणून मारलं होतं, कारण गवंडी म्हणाला होता की पाणी कमी पडलं तर भिंत पोकळ राहते. हर्षल तेव्हा पोटात होता.

“मग नकोच,” तेजस्विनी म्हणाली. “आजी, सॉरी. मी आधी मोजायला हवं होतं.”

“कागद दे,” लंकाबाई म्हणाली.

“आई, काय करतेस तू?” हर्षल म्हणाला.

“तुला आज ना उद्या बंगला बांधायचाच हाय. हे सैपाकघर तू तसंबी पाडशील.” तिनं पदराला हात पुसले. “त्यांच्यानं या वयात कुठं घर बांधून व्हईल? लय कष्टानं बांधलंय त्यांनी. ह्यांनीबी त्या घराच्या विटा वाह्यल्यात.”

ती सही करायला प्रौढांच्या वर्गात शिकली होती, तीही पन्नाशी उलटल्यावर. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागे. लंकाबाई गोरक्ष थेटे. तात्या खाटेवर बसून ते तीन शब्द पुरे होईपर्यंत बघत राहिले.

अर्जाला जोडायच्या नकाशात जुन्या वाटेची नेमकी जागा दाखवायची होती, फोटोही लावायचे होते. महेशनं दुकानातून चुन्याच्या फक्कीचं पोतं आणलं होतंच. पाया आखायला वापरतात तीच. सगळे कालव्याच्या बाजूला गेले.

“तात्या, वाट कुठून जायची ते तुम्ही चालून दाखवा,” तेजस्विनी म्हणाली. “मी मागून फक्की मारत येते. हीच रस्त्याची मधली रेघ धरतील.”

तात्या बांधावरून चालू लागले.

सोपं होतं. बांध समोर होता, सगळ्यांना दिसत होता. वाट कुठं होती ते बोलून दाखवणारं त्यांच्याखेरीज कुणी नव्हतं. लंकाबाईची सही झालेली. वीस पावलं चालले तोवर मागं पांढरी रेघ उमटत होती. उजवीकडं त्यांची विहीर, चांगली पस्तीस फूट लांब, सुरक्षित. तिच्यामागं घर, तेही सुरक्षित. डावीकडं लंकाबाईचं स्वयंपाकघर. खिडकीत पातेली पालथी घालून ठेवली होती.

पायाखालची माती त्यांना चांगली ओळखीची होती. हिच्यात ते बहात्तरच्या दुष्काळात गोरक्षबरोबर राबले होते. विहीर तेव्हाची. मोतीराम पंचविशीचा, गोरक्ष विशीचा. दिवसभर पहार मारून गोरक्षच्या तळव्यांची सालटं निघत आणि तरी तो म्हणे, दादा, तू वर जा, खालचं मी बघतो. पाणी लागलं तेव्हा तो खालीच होता. वरून फक्त त्याचं हसणं ऐकू आलं होतं. असा भाऊ गाडी मुद्दाम आडवी घालेल? हे त्यांना दसऱ्यानंतर आठ दिवसांतच कळलं होतं. पण तोवर वाट नांगरून झाली होती, आणि नांगरलेली वाट परत काढायला जी जीभ लागते ती त्यांना नव्हती. मग एक चूक झाकायला दुसरी. दरसाल दोन बोटं. कशासाठी, ते त्यांना त्या वेळीही सांगता आलं नसतं. गोरक्षनं येऊन एकदा भांडावं, एवढंच बहुधा त्यांना हवं होतं. तो कधी आला नाही.

तात्या थांबले.

“तेजू, ही रेघ पुस.”

“का?”

ते बांधावरून खाली उतरले, उजवीकडं, आपल्या शेवंतीत. तीन पावलं गेले, पायानं माती चाचपली, अजून थोडं सरकले. फुलांच्या दोन ओळी त्यांच्या पायाखाली आल्या.

“हितून मार.”

“तात्या,” महेश हळूच म्हणाला.

“हितून मार म्हणतो ना. खरा बांध हिथं व्हता.”

तेजस्विनीनं बापाकडं बघितलं. महेश जमिनीकडं बघत होता. तिनं टेप धरला. जुन्या आणि नव्या बांधात आठ फुटांचं अंतर होतं. मग तिनं विहिरीच्या कठड्यापर्यंत मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं.

“तात्या, इथून रस्ता गेला तर विहीर जाते. सत्तावीस फूटच भरतंय.”

“अन् तिचं सैपाकघर?”

“बत्तीस फूट. वाचतं.”

“मग मार.”

फक्की पडत गेली. लंकाबाई दूर उभी राहून बघत होती, पदर तोंडाशी धरून. हर्षल ताठ उभा होता. त्याच्या बापाच्या वाट्याचं रान ह्या माणसानं खाल्लं, असा संशय त्याला लहानपणापासून होता. आज ते सिद्ध झालं, आणि त्याला जो आनंद व्हायला हवा होता तो काही होईना. समोर एक म्हातारा स्वतःच्या फुलांत उभा होता आणि विहिरीकडं पाठ करून बोलत होता.

“आता लिही,” तात्या म्हणाले. “मी मोतीराम थेटे लिहून देतो, की मूळ बांध आणि गाडीवाट ह्या रेघेवर व्हती. आत्ता दिसतो तो बांध मी नांगरटीत आठ फूट पूर्वेला सरकवला.”

“कागदावर कशाला तात्या?” महेश म्हणाला. “रेघ बरोबर पडली ना? मग झालं. चार लोक वाचतील.”

“वाचू दे.”

“खरंच राहू द्या तात्या,” हे हर्षल बोलला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. “महेशदादा बरोबर सांगतोय. आमचं काही म्हणणं नाही. नुसता नकाशा जोडू.”

“मी गेल्यावर तुम्ही दोघं भांडशाल,” तात्या म्हणाले. “आम्ही कागद केला नाय म्हणून हे झालं. लिही तेजू. अन् खाली घाल, त्यात माझ्या भावाची काही चूक नव्हती.”

“बांध सरकण्यात?”

“कशातच नव्हती. तसंच लिही.”

तिनं लिहिलं. तात्यांनी सही केली. महेशनं कागदाखाली वही धरली.

दोन वाजत आले होते. पंचवटीतून गर्दी असणार म्हणून हर्षलनं गाडी काढली आणि महेशला मागं बसायला सांगितलं. दोघं चुलतभाऊ एका गाडीवर बसून गेले, ही गोष्ट कालव्यावरच्या टपरीवाल्यानं संध्याकाळपर्यंत निम्म्या शिवाराला सांगितली असेल. अर्ज मंजूर होईल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. सुनावणी व्हायची होती. साहेब काय म्हणतील ते साहेबांवर होतं.

तात्या विहिरीजवळ गेले. उन्हात पाणी खोल दिसत होतं. पुढच्या एक-दोन वर्षांत हे बुजवतील, वर खडी पडेल, डांबर पडेल, आणि इथून गाड्या जातील. त्यांना वाईट वाटत होतं, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हलकंही वाटत होतं. तेजस्विनी त्यांच्या शेजारी उभी होती. लंकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि चार हातांवर थांबली.

“तेजू,” तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले, “आजीला विचार, गोरक्षला ठाऊक व्हतं का. बांधाचं.”

लंकाबाईनं तांब्या कठड्यावर ठेवला.

“तात्यांना म्हणावं, ठाऊक व्हतं. पहिल्या सालापास्नं.”

“मग तो बोलला का नाय कधी?”

“मीबी तेच म्हणायची. जा, बोला जाऊन. दरसाल गोठ्याच्या दारात बसून बघायचे नुसते. तुमचा नांगर बांधाशी आला की हातातलं काम टाकून बसायचे.” ती पुन्हा तेजूकडं वळली. “तात्यांना म्हणावं, ते म्हणायचे, बोललो तर दादा हिकडं यायचा बंद व्हईल. सालातून एकडाव नांगर घेऊन का व्हईना, माझ्याजवळ येतो. जाऊ दे दोन बोटं.”

तेजस्विनी आजोबांकडं वळली. निरोप सांगायला तिनं तोंड उघडलं.

“ऐकलं मी,” तात्या म्हणाले.

ते कठड्यावर बसले, आणि भाऊ गेला त्या दिवशी जे रडले नव्हते, ते आता रडले. लंकाबाई तिथून हलली नाही.